शमीमबाईंचा हात आणि दंडावरचा पट्टा

शमीमबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर. डबा उघडून जेवत होत्या. मी डोंगरटोल्याला नर्स म्हणून रुजू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. गावात कोण कोणाचं हे अजून कळत नव्हतं, म्हणून ही बाई गावचीच असेल असं मी धरून चालले. बाजूला कापडात बांधलेली मोठी पेटी आणि दोन फुगलेल्या पिशव्या होत्या. मी दार उघडून बाहेर आले तशा म्हणाल्या, "बसू द्या जरा, मॅडम. सावली चांगली आहे इथी."

त्या बल्लारपूरच्या. दर बुधवारी सकाळी गोंदियाच्या गाडीनं मूल स्टेशनला उतरायचं, तिथून काळीपिवळी जीपनं फाट्यावर, आणि फाट्यापासून दोन किलोमीटर पायी, डोक्यावर पेटी घेऊन. पेटीत काचेच्या बांगड्या. सासूनं हाच धंदा केला, सासूच्या सासूनंही. शमीमबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं आधी स्वतःचेच हात पुढे केले आणि म्हणाली, यावर शीक. बशीरभाई, त्यांचे मालक, बल्लारपुरात शिलाईचं छोटं दुकान चालवायचे. एक मुलगी, तहसीन, राजुऱ्याला दिलेली. पस्तीस वर्षं झाली, बुधवार म्हणजे डोंगरटोला.

त्यांचं काम पाहण्यासारखं होतं. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, चारी बोटं एकत्र दाबायची आणि बांगडी अशी फिरवत चढवायची की त्या बाईला कळायच्या आत ती मनगटावर. "हात ढिला सोड बाई, माह्या हाती दे आन् इसरून जा," एवढंच बोलणं. धानाच्या रोवण्यानं हात कितीही कडक झालेले असोत, कधी कोणाला काच लागली नाही. गावातल्या लग्नाच्या नवरीचा चुडा त्यांनीच भरायचा, हे ठरलेलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सोडली, चिमूट गालात ठेवली आणि उठू लागल्या. मी म्हटलं, "तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी पाहायचं आहे. तुमचंही पाहून घेऊ."

"मले काय झालं?"

"काही झालं नाही म्हणूनच पाहायचं."

त्या हसत आत आल्या. मी लगेच दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकशे बहात्तर, खाली एकशे चार. मी दचकले, आणि मग माझ्याच लक्षात आलं की चूक माझी होती. दोन किलोमीटर ओझं घेऊन आलेली बाई, गालात तंबाखू, तोंडानं गाडीतली गोष्ट सांगणं चालू, पाय खाटेवरून लोंबकळलेले. असं मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. मी त्यांना चूळ भरायला लावली, लघवीला जाऊन या म्हटलं, आणि अर्धा तास ओट्यावर बसवून ठेवलं. मग आत खुर्चीवर, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प.

"बोलायचंही नाई?"

"नाही."

ती पाच मिनिटं त्यांना फार जड गेली. या वेळी आलं एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव.

"दोन आकडे काऊन असतेत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, हृदय आवळून रक्त पुढे ढकलतं तेव्हा नळ्यांवर जो दाब येतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. वरचा एकशे वीसच्या आत आणि खालचा ऐंशीच्या आत असला की छान. वरचा एकशे चाळीसवर गेला किंवा खालचा नव्वदवर, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच आला, तर मग त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मधल्या आकड्यांवर नजर ठेवायची.

"म्हणजे आमच्या मालासारखंच," त्या म्हणाल्या. "दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, अशी मापं. एकाच आकड्यावर बांगडी देता येत नाई." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पण मॅडम, मले चक्कर नाई, डोकं दुखत नाई. ही पेटी घेऊन फाट्यापासून चालत येते."

"बीपी बहुतेकांना काही सांगत नाही, शमीमबाई. आतल्या आत मेंदूच्या, डोळ्यांच्या, किडनीच्या बारीक नळ्या खराब करत राहतं. पुढच्या बुधवारी पुन्हा पाहू."

पुढच्या बुधवारी त्या ओट्यावर आल्याच नाहीत. सरळ गावात गेल्या आणि मागच्या रस्त्यानं परतल्या, हे मला नंतर कळलं. त्याच्या पुढच्या बुधवारी आल्या आणि न सांगता खुर्चीवर जाऊन बसल्या, पाठ टेकवून. एकशे चौपन्न, शहाण्णव. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी पाहिली आणि रोजची एक बारीक गोळी सुरू केली.

महिनाभरानं आकडा चांगला खाली आला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा एकशे बावन्न.

"गोळी?"

"सोडली. बरं वाटून राह्यलं न."

"बरं तर तुम्हाला आधीही वाटतच होतं."

यावर त्या हसल्या. त्या दिवसापासून गोळी सुटली नाही. रमजान जवळ आला तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं की रोज्यात कसं करायचं. डॉक्टर म्हणाले, इफ्तारच्या वेळी घ्या, एकही दिवस चुकवू नका. डब्यातलं लोणचं आणि सुकटीची चटणी कमी झाली. दिवसाला चार खर्रे होते ते एकावर आले. तो एक काही सुटत नव्हता. मी बोलायची, त्या ऐकायच्या, आणि पुडी पिशवीतच असायची.

याच दिवसांत नाडीचं निघालं. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, काय मोजता? मी सांगितलं, ठोके. तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. माणूस शांत बसलेला असताना साठ ते शंभर असावेत.

शमीमबाईंनी माझंच मनगट धरलं. तीन बोटं बरोबर जागेवर पडली, मला शोधायला लागते तितका वेळही लागला नाही. "हे तर मले रोज लागते हाताले," त्या म्हणाल्या. "पस्तीस साल झाले. कोणाचं पाखरासारखं, कोणाचं जड. पण मोजतेत हे माहीत नव्हतं." मग घड्याळाकडे पाहून मोजलं. "अडतीस. म्हणजे शहात्तर. तुमी जरा घाईत असता, मॅडम."

त्यांना त्याचा छंदच लागला. तहसीननं दिलेलं घड्याळ त्या आता मनगटाच्या आतल्या बाजूला बांधू लागल्या. बांगड्या भरायच्या आधी ठोके मोजायचे. बायांनाही मजा वाटायची. ताप असलेल्या एका मुलीची नाडी एकशे वीस लागली म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं, ते योग्यच केलं होतं.

एका बुधवारी त्या देवाजीभाऊंना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या. देवाजीभाऊ म्हणजे शमीमबाईंकडून नेहमी बांगड्या भरणाऱ्या गुणाबाईंचे मालक, साठीचे, काटक. रोज सायकलनं शेतावर जाणार, दिवसभर बांधावर. मागे चिंतेत पडलेल्या गुणाबाई.

"बावन्न लागले, मॅडम," शमीमबाई हळूच म्हणाल्या. "माणूस थांबून राह्यला."

देवाजीभाऊ खुर्चीवर बसून घाम पुसत होते. "मले काई नाई होत. या बायांनी जेवूही नाई दिलं."

मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मोजलं. चौपन्न, एकसारखे. चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी, चालताना दम, कधी पडलात का, कुठली गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. काहीच नव्हतं. बीपी एकशे अठरा, शहात्तर, विशीतल्या पोरालाही हेवा वाटावा असं. तरी खात्रीसाठी मूलला पाठवून ईसीजी, म्हणजे हृदयाची पट्टी, काढून घेतली. तीही चांगली आली. कष्टाच्या अंगाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. त्रास नसेल तर पन्नासच्या आसपासही चालतं, असं मी सांगितलं. गुणाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि देवाजीभाऊ आठवडाभर गावात सांगत फिरले की डॉक्टरनं आपल्या हृदयाला पहिला नंबर दिला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. त्यामुळे पुढचं मला उशिरा दिसलं.

पोळा होऊन गेल्यावर आम्ही तपासणीचा दिवस ठेवला. गावची आशा कार्यकर्ती सरिता घरोघर सांगून आली होती. चाळीस बाया येतील असा अंदाज होता. आल्या नऊ. शेतीची कामं असतील म्हणून मी दुसऱ्या दिवशी सरिताला घेऊन स्वतः निघाले. पहिलंच घर गुणाबाईंचं. त्या अंगणात वालाच्या शेंगा निवडत होत्या.

"काल आल्या नाहीत?"

"माहं तर झालं न," त्या म्हणाल्या. "शमीमबाईनं हात पायला. बहात्तर. एकदम बराबर हाय म्हणाली, बीपी-गिपी काई नाई."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही. शमीमबाईंनी हात पाहिला, चांगला निघाला, मग मशीन कशाला? सरिता माझ्याकडे पाहत राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं.

मी परत गुणाबाईंकडे आले. त्यांना भिंतीला टेकून बसवलं, थांबले आणि मोजलं. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे सहा. थोड्या वेळानं पुन्हा, जवळपास तेवढंच. नाडी बहात्तर. मला शमीमबाईंचा राग आला, आणि गुणाबाईंचा हात हातातून सोडताना स्वतःचाही.

बुधवारी गुणाबाई माझ्या सांगण्यावरून उपकेंद्रात येऊन बसल्या होत्या. शमीमबाई आल्या तशी मी दोघींना आत घेतलं. म्हटलं, "शमीमबाई, यांची नाडी पाहा."

त्यांनी घड्याळ पाहून मोजली. "सत्तर. बराबर आहे."

मी पट्टा बांधला. मशीन गुरगुरली, थांबली, आकडे आले. शमीमबाईंना आकडे वाचता येत होते. एकशे सत्तर, एकशे चार.

"मशीन बिघडली का?"

मी तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे बारा, चौऱ्याहत्तर. मग त्यांनाच बसवलं. एकशे तीस, ब्याऐंशी, त्यांच्या कार्डावर मागच्या वेळी होते तसेच.

"ठोके किती पडतात ते हाताला कळतं," मी म्हणाले. "पण आत दाब किती आहे, ते कोणाच्याच हाताला कळत नाही. माझ्याही नाही. डॉक्टरांच्याही नाही. ठोके सत्तर असून दाब एकशे सत्तर असू शकतो."

गुणाबाई मध्येच म्हणाल्या, "जाऊ द्या न मॅडम, तिनं काई मुद्दाम केलं का?"

शमीमबाई बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या. पेटीचं कापड सोडलं नाही. दोन मुली बांगड्यांसाठी आल्या होत्या, त्यांना "आज नाई" म्हणून परत पाठवलं. मी शेजारी जाऊन बसले.

"किती बायांना सांगितलं?"

"मोजल्या नाई." मग म्हणाल्या, "इतक्या सालांत माह्या हातानं कोणाले काच नाई लागली. आन् आता हे."

"मी तुम्हाला अर्धंच शिकवलं," मी म्हणाले. ते खरंच होतं. नाडी मोजायला शिकवताना, तिच्यावरून काय कळत नाही, ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी मान हलवली. मी माझी चूक कबूल केल्यानं त्यांना स्वतःची कमी वाटली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुपारच्या काळीपिवळीनं त्या निघून गेल्या.

त्या आता येणं सोडतील असं मला वाटलं. पण सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या फाट्याकडून चालत येताना दिसल्या. डोक्यावर पेटी नव्हती. हात मोकळे असलेल्या शमीमबाई मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि गावानंही. ज्या घरी जातील तिथे बाया विचारायच्या, "पेटी कुठी?"

"पेटी बुधवारी. आज दुसरं काम आहे." मग सरळ सांगायच्या, "मी चुकली, बाई. हातावरून ठोके समजतेत, दाब नाई समजत. तुहा हात चांगला आहे म्हटलं होतं, ते धरू नको. मशीनवर चाल."

कोणी हसलं, कोणी म्हणालं नंतर येतो. एकीनं तोडून विचारलं, "मंग तवा काऊन सांगतलं?" शमीमबाई म्हणाल्या, "मले वाटलं मले समजते." ती बाई चप्पल घालून निघाली. गुणाबाई दुसऱ्या गल्लीपासून त्यांच्याबरोबर फिरू लागल्या आणि आपलं कार्ड उघडून दाखवू लागल्या: हे पाय, मले काई होत नव्हतं, तरी एवढं निघालं.

त्या सोमवारी आणि पुढच्या बुधवारी मिळून सव्वीस बाया आल्या. पाच जणींचा दाब जास्त निघाला. दोघींचा पुन्हा पाहिल्यावर खाली आला, तिघींना डॉक्टरांकडे पाठवलं. बाकी एकवीस जणी खरंच चांगल्या होत्या, आणि शमीमबाईंनी प्रत्येकीचे आकडे ऐकून घेतले.

ओट्याची कल्पना गुणाबाईंची. त्या म्हणाल्या, "घरोघर काऊन फिरते? इथीच बस न पेटी घेऊन. बाया इथीच येतीन." तेव्हापासून बुधवारी शमीमबाईंची पेटी उपकेंद्राच्या ओट्यावर उघडू लागली. बांगड्यांसाठी थांबलेल्या बाया भिंतीला टेकून बसतात. माझं काम त्यामुळे अर्धं झालं, कारण आकडा घ्यायच्या आधी बाईला शांत बसवणं हेच सगळ्यात कठीण असतं. आधी पट्टा, मग बांगड्या, हा क्रम शमीमबाईंनीच लावला. बांगड्या भरल्या की बायांचं बोलणं थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि एका बुधवारी त्यांनी मला शिकवलं. आशाताई सरिता अंगानं भरलेली. तिचा दाब दोन वेळा एकशे अठ्ठेचाळीस आला होता आणि ती घाबरली होती. मी तिसऱ्यांदा पट्टा बांधत होते. शमीमबाई दारातून पाहत होत्या.

"मॅडम, हा हिच्या दंडाले लहान होते."

"बसला ना बरोबर."

"बसवला तुमी. दोन-आठच्या हातात दोन-चार चढवल्यासारखा. ताण पायला का?"

मी पाहिलं. पट्ट्याची टोकं जेमतेम भेटत होती. हे मला शिकवलेलं होतं आणि मी विसरले होते: दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वर जातो. आरोग्य केंद्रातून मोठा पट्टा मागवला. त्यावर सरिता एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. तिला गोळी लागली नाही; मीठ कमी करा, चाला, महिन्यानं पुन्हा पाहू, एवढंच. त्या दिवसापासून ओट्यावर बसल्या बसल्या शमीमबाई बाईच्या दंडाकडे पाहून "मोठा" किंवा "साधा" असं सांगतात. मी तरी टेपनं मोजते. त्यांचं चुकत नाही, पण मोजलेलं बरं, असं आता त्याच म्हणतात.

गुणाबाईंचा दाब डॉक्टरांनी गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांत एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशीवर आला. शमीमबाईंचा एकशे अठ्ठावीसच्या आसपास असतो. दिवाळीनंतर तो उरलेला एक खर्राही सुटला, कधी ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, गाडीत बाजूच्या बाईला दिला पुडा, मग घेतलाच नाही.

पौषात तहसीनला मुलगी झाली आणि शमीमबाई राजुऱ्याला गेल्या. बुधवारी पेटी येणार नव्हती. मी त्या दिवशी मूलला जाऊन अहवालाचं काम उरकायचं ठरवलं होतं. साडेदहाला दार ओढून घेत होते, तेवढ्यात गुणाबाई आल्या. मागून आणखी दोघी. मी म्हटलं, शमीमबाई आज नाहीत.

"माहीत हाय," गुणाबाई म्हणाल्या. "नात झाली तिले. आमी मशीनसाठी आलो."

त्या तिघी भिंतीला पाठ टेकून बसल्या, पाय जमिनीला टेकवून, आणि आपसांत बोलायचं थांबल्या. दुपारपर्यंत अकरा झाल्या. एकीला मोठा पट्टा लागला. एकशे बेचाळीस आला, तिला शुक्रवारी पुन्हा बोलावलं.

संध्याकाळी फोन आला. मागे बाळ रडत होतं. शमीमबाईंनी आधी विचारलं किती आल्या. मी अकरा सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना, पुन्हा विचारलं. मग नावं विचारली, एकेक करून, आणि प्रत्येकीचा आकडा. मी कार्डांवरून वाचून दाखवत होते आणि त्या तिकडे "बरं, बरं" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरीचे ठोके मोजले मी. एकशे चाळीस लागले. इचारते म्हटलं तुमाले."

"तान्ह्या बाळाचे तेवढेच असतात, शमीमबाई. चांगले आहेत."

"हां," त्या म्हणाल्या. "इथल्या सिस्टरनंही तेच सांगतलं. तरी इचारलं."